नरसिंहरावांचा ‘साशंक’ शेरा

१८ सप्टेंबर २०२४. फुलांचे बिल रुपये ८,६४०. बनशंकरीतल्या मराठी मंडळाचे खजिनदार नरसिंहराव यांनी त्यावर लाल शाईने एकच शब्द लिहिला : ‘साशंक’. हा शेरा पडला की पैसे अडले, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक.

गणपतीची फुले दरवर्षी यल्लव्वाकडून येत. इथे हार मोळ या कानडी मापाने विकतात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ, आणि हात विकणाऱ्याचा. शेवटच्या तीन दिवसांचे हार नरसिंहरावांना आखूड वाटले. टेप लावली, तर मोळामागे दोन इंच कमी. इतक्या वर्षांची ओळख, तिचाच फायदा घेतला असणार!

“अण्णा, तुम्ही भारी संशयी,” चिटणीस नीरजा म्हणाली.

“संशयी नव्हे, साशंक. संशयी माणूस निकाल देऊन मोकळा होतो. साशंक माणूस निकाल राखून ठेवतो.”

“सरी, बरं. पण यल्लव्वाला मार्केटातल्या दलालाचे पैसे आज संध्याकाळी द्यायचेत. नाही दिले तर उद्यापासून उधारीवर पाकळी मिळणार नाही. तिला जाऊन विचारलंत तरी?”

विचारले नव्हते. ते मात्र मनाला लागले. टेप खिशात टाकून नरसिंहराव निघाले.

फुलांच्या गाड्याशी यल्लव्वा बसली होती, उजवा हात प्लास्टरमध्ये. नरसिंहरावांनी आधी प्लास्टरच निरखले. फारच पांढरे दिसत होते. सोंग तर नाही?

“हे कधी झालं?”

“विसर्जनाच्या तीन दिवस आधी. न्हाणीत घसरले.”

“मग हार कोणी मोजले?”

“ह्या सुनेनं. पाय लावून मोजू होय मी?”

सून महानंदा गिऱ्हाइकाला शेवंती मोजून देत होती. नरसिंहरावांनी तिच्या हाताला टेप लावली. सोळा इंच. मग यल्लव्वाच्या डाव्या हाताला लावली. अठरा.

“अगं बाई!” यल्लव्वाने कपाळावर हात मारला. “हिचा हात आखूड, हे सुचलंच न्हाई बघा. किती कमी पडलं?”

“सत्तावीस मोळांत तीन.”

“हात बरा झाला की माझ्या हातानं मोजून देते.”

नरसिंहरावांनी क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिले. मग पुरे पैसे मोजून दिले आणि बिलावरचा शेरा पट्टी लावून खोडला.

यल्लव्वाकडून मंडळाला तीन मोळ फुले अजून येणे आहेत.