रिकाम्या कंटेनरमधला निरोप

"वन मिनिट, इंडिया."

कंटेनर रिकामा झाला की काका मला एवढं म्हणायचे आणि बॅटरी घेऊन पुन्हा आत शिरायचे. आम्ही बाकीचे तोवर चहाकडे वळलेले असायचो. ते मात्र आतल्या पत्र्याच्या भिंती खालपासून वरपर्यंत न्याहाळत पार मागच्या कोपऱ्यापर्यंत जायचे. त्यांचं एक मिनिट दहा मिनिटांच्या आत कधी संपलं नाही.

ही गोष्ट ऑकलंडमधल्या पेनरोजच्या गोदामातली, दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. पुण्याहून मी इंजिनियरिंगची पदवी आणि भरपूर तोरा घेऊन आलो होतो. मुलाखतीत सगळे विचारायचे, किवी एक्स्पीरियन्स, म्हणजे इथल्या कामाचा अनुभव, आहे का? तो पुण्यात मिळत नसल्यामुळे मी खोकी उतरवत होतो. काका साठीचे, शांघायचे. जन्मभर तिथल्या नदीवरच्या धक्क्यावर क्रेन चालवलेले. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाले, ते मी इथं सरळ मराठीत लिहितोय. मी त्यांना काका म्हणायचो; काका म्हणजे काय, हे त्यांनी एकदा विचारलं. वडिलांचा भाऊ, असं सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे तुझा बापही देखणा असणार."

पहिल्याच दिवशी माझ्या डोक्याकडे बघत त्यांनी विचारलं होतं, "लाल पगडी कुठे आहे?" त्यांच्या आजीच्या काळात शांघायच्या मोठ्या भागावर इंग्रजांचा अंमल होता आणि चौकाचौकांत लाल पगडीवाले शीख पोलीस उभे असत. आजीनं पाहिलेला भारत तेवढाच. पगडी पुण्यात विसरली, असं मी ठोकून दिलं. ते त्यांनी बरेच दिवस खरं धरलं.

चहाच्या सुट्टीत ते मला त्यांचं शहर सांगायचे. त्यांचे वडील धक्क्यावर कापसाच्या गाठी वाहायचे, त्यांतल्या काही मुंबईहून आलेल्या असत. समोर बँकांच्या दगडी इमारती. तिथं सावलीला टेकलं तरी दरवान हाकलून द्यायचा. मग राज्य बदललं, बँका गेल्या, इमारती राहिल्या. काकांच्या हाती क्रेन आली तेव्हा सायकली, थर्मास आणि कापड परदेशी जायचं. पुढे कंटेनर आले आणि कितीतरी हमालांचं काम मोजकी माणसं करू लागली. शेवटी जहाजं एवढी वाढली की नदीत मावेनात, म्हणून बंदरच लांब समुद्राकडे नेलं. "आता नदी फोटो काढायला," काका म्हणायचे आणि कपातला उरलेला चहा एका घोटात संपवायचे.

एकदा त्यांची बॅटरी बंद पडली म्हणून मी माझी द्यायला आत गेलो. ते खडूनं भिंतीवर काहीतरी लिहीत होते. चोरी पकडल्यासारखे ओशाळले. मग त्यांनी सगळं सांगितलं. धक्क्यावर त्यांच्या टोळीची पद्धत होती, पाळी संपली की पुढच्या पाळीच्या गड्यांसाठी भिंतीवर खडूनं निरोप लिहून ठेवायचा. आमच्याकडचे पुष्कळ कंटेनर रिकामेच परत जात. काका गेली चार वर्षं त्या प्रत्येकात लिहीत होते, 'मी ऑकलंडला आहे. बरा आहे. तुमच्यापैकी कोण कोण आहे? लिहा.' आणि भरून आलेल्या प्रत्येक कंटेनरमध्ये उत्तर शोधत होते.

"फोन का नाही करत?"

"माझ्याकडे धक्क्यावरचा नंबर होता. तो धक्काच पाडला."

बायको वारल्यावर मुलीनं त्यांना इकडे आणलं होतं. फ्लॅट बुश या उपनगरात तिचं मोठं घर. मुलगी-जावई सकाळीच मोटरवेला लागत. नातवाला आजोबांचं बोलणं समजे, पण तो उत्तर इंग्रजीत देई. "पाच खोल्या आहेत," काका म्हणाले, "पाचही गप्प."

रिकामा कंटेनर कुठल्या बंदराला जाईल याचा नेम नसतो, आणि मध्ये कुठेतरी तो धुतात, हे मला ठाऊक होतं. फोरमनलाही ठाऊक होतं. "स्वीट ॲज, काही बिघडत नाही, लिहू दे," एवढंच तो म्हणाला. मला मात्र राहवलं नाही.

रविवारी अवोन्डेलच्या बाजारात पालेभाज्या विकणाऱ्या एका चिनी बाईंकडून मी कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या. 'आम्ही सगळे बरे आहोत. तुझी आठवण निघते.' दोन दिवसांनी शांघायचा कंटेनर आला. तो रिकामा झाल्यावर काका फोर्कलिफ्टवर होते तेवढ्यात मी त्या ओळी मागच्या भिंतीवर गिरवल्या. मनातून अगदी खूश होतो.

काका आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते माझ्याशेजारी बसले आणि माझ्या बोटांकडे बघत राहिले. बोटांना खडू होता.

"तुझं अक्षर फार वाईट आहे," ते म्हणाले.

मी माफी मागू लागलो. त्यांनी हातानं थांबवलं. "चार वर्षं वाटायचं, उद्याच्या कंटेनरमध्ये उत्तर असेल. आज ते आलं. बघितलं, तर फक्त तूच होतास." मग त्यांनी आपल्या थर्मासमधला चहा माझ्या कपात ओतला. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर त्यांनी लिहिणं सोडलं. कंटेनर रिकामा झाला की सगळ्यांबरोबर चहाला येऊ लागले. एकदा मीच खडू पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे, चहा गार होतो." हिवाळ्यात मुलीनं ऑस्ट्रेलियात नोकरी धरली आणि काका तिच्याबरोबर गेले. फोरमननं मला सोमवारी सांगितलं. शुक्रवारी ते रोजच्यासारखंच 'बाय, इंडिया' म्हणून गेले होते.

मला त्यांना आनंद द्यायचा होता. त्यांच्याजवळ होती नव्हती ती आशाच मी काढून घेतली. पुढे मला आयटीत नोकरी मिळाली. गोदामातल्या शेवटच्या दिवशी मी खडू घेऊन एका रिकाम्या कंटेनरमध्ये शिरलो. त्यांचं नाव लिहायचं होतं, पण ते त्यांच्या लिपीत कसं लिहितात हे मी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी मराठीत लिहिलं, 'काका, माझं चुकलं.' तो कंटेनर जिथं कुठं जाणार होता, तिथं ते कुणालाही वाचता येणार नव्हतं.