जुन्या कॅलेंडरातला रविवार

हसणारच आहात तुम्ही, तेव्हा तोंडातला चहा आधी गिळा. उगाच नाकातून यायचा.

बँकेने कोलकात्याला बदली केल्यापासून पहिल्यांदाच मी नाताळात दहा दिवस रजा काढली. आणि बेत? विचारू नका! सुंदरबन, शांतिनिकेतन, माळ्याची आवराआवर, रोज पहाटे फिरायला जाणं!

झालं काय? नऊला उठायचं, नव्या गुळाचे संदेश हाणायचे, उन्हात पाय पसरून बसायचं, की दिवस खल्लास! शाखेतून फोन नकोत म्हणून मोबाइल बंद करून कपाटात. सुंदरबनातला वाघ सोडा, माळ्यावरचा उंदीरसुद्धा बघून झाला नाही.

एक तारखेला बायको म्हणाली, "अहो, नवं कॅलेंडर आणा."

कोण जातंय दुकानात? मी जुन्याचंच जानेवारीचं पान वर काढलं. जानेवारी म्हणजे जानेवारी! एकतीसच दिवस असतात की दरवर्षी!

पाच तारखेला सकाळी बायकोने विचारलं, "आज सोमवार ना? तुम्हाला हजर व्हायचंय."

"रविवार!" मी भिंतीकडे बोट केलं. "पाचाचा आकडा बघ. लालभडक आहे!"

"पण मला वाटलं..."

"छापलेलं खोटं असतं का?"

रजेचा शेवटचा दिवस तरी सत्कारणी लावू म्हणून निघालो बजबजला, गंगेकाठी सहलीला. थालीपीठांचा डबा घेतला. मी माकडटोपी चढवली, गळ्यात बॅडमिंटनची रॅकेट अडकवली. मुलीची, मुक्ताची, शाळा अजून बंदच होती, तीही खूश.

डमडमच्या घरून लोकलने सियालदह स्टेशनात उतरलो तर ही गर्दी!

"बघ मुक्ता, बिचाऱ्यांना रविवारीही कामं."

"बाबा, आणि ती मुलं युनिफॉर्ममध्ये?"

"जादा तास असतील गं!"

तेवढ्यात समोरून आमचे शाखाप्रमुख घोष साहेब, हातात बॅग, जवळजवळ धावतच. मी त्यांना अडवलंच.

"सर, रविवार को भी? थोडा घरवालों को भी टाइम दीजिए!"

साहेबांनी टोपीपासून रॅकेटपर्यंत माझं निरीक्षण केलं. "देशपांडेबाबू, आज आपको जॉइन करना था. इन्स्पेक्शन है."

"वो तो सोमवार को, सर."

"और आज?"

"रविवार!"

"किसने बोला?"

"कॅलेंडर ने."

साहेबांनी बाजूने जाणाऱ्या हमालाला थांबवून बंगालीत वार विचारला. "दादा, आज की बार?"

"सोमबार," तो म्हणाला, आणि डोक्यावरच्या फुलकोबीच्या पाटीसकट वळून माझ्याकडे बघत राहिला.

बायको? तिने माझ्या हातातला थालीपीठांचा डबा काढून घेतला, मुक्ताचं बोट धरलं आणि दोघी बजबजच्या गाडीत बसल्यासुद्धा!

मी साहेबांमागून शाखेत. गळ्यात रॅकेट तशीच. वरच्या ऑफिसातून आलेले इन्स्पेक्टर फाईल उघडून बसलेलेच होते. साहेबांनी त्यांना माझ्या रविवारचा सगळा प्रकार सांगितला, तसं त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"छुट्टी कब तक थी आपकी?"

"कल तक, सर."

"फिर ये पिकनिक कल क्यों नहीं की? कल तो सचमुच रविवार था!"

आता लपवायला राहिलं तरी काय होतं?

"सर, कल मैं दिनभर सोया. मुझे लगा शनिवार है, अभी एक पूरी छुट्टी बाकी है!"