मोटरीवर ठेवलेला हात

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, गॅसवर दूध ठेवून ओट्याशी उभी होते. "शैला मोटरीपाशी पडली. तू ये," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. पडली म्हणजे काय, लागलं का, बोलते का… काही नाही. ऑटोने बडनेरा गाठलं, मिळेल त्या गाडीत चढले आणि डब्यात जागा असूनही दाराशीच उभी राहिले. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा शैलाताईची शेजारीण वंदना, तिचा फोन आला. "ताई, आता घाई करू नका. सावकाश या." मग मात्र मला बसावं लागलं. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली, ती मी घेतली आणि अकोला येईपर्यंत न उघडता हातात धरून ठेवली.

शैलाताई माझी मोठी बहीण. वडील रेल्वेत होते, बडनेऱ्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. आईची तब्येत कायमची नरम, त्यामुळे माझी वेणी, माझा डबा, माझे पाढे, सगळं ताईकडे. रागीट होती. वेणी घालताना मान हलली तर फणी डोक्यात बसायची. उन्हाळ्यात खिडकीला पत्र्याचा कूलर लागायचा आणि तो सगळ्याच घरांत थोडाफार शॉक मारायचा. त्याला शिवायचंच असेल तर उलट्या हाताने, हे मला तिनेच शिकवलं. "तळहात लावला त मूठ आवयते अन् सुटत नाई. उलटा लाव, झटका बसला त हात आपोआप मांगं येते." आमच्या भागातल्या प्रत्येक पोराला हे असं कोणीतरी शिकवलेलं असतं. कूलर दुरुस्त करावा, असं मात्र त्या काळी कोणाच्याच मनात आलं नाही. शॉक म्हणजे उन्हाळ्याचाच एक भाग, घामोळ्यांसारखा.

लग्न होऊन ती अकोल्याला जठारपेठेत गेली. भाऊजींच्या वडिलांनी बांधलेलं घर, मागे मोकळी जागा, तिथे भांडी घासायचा दगड आणि सिमेंटचं टाकं. तिकडे नळ काही दिवसांआड येतात आणि येतात त्या दिवशी माणसं लग्नकार्यसुद्धा अर्ध्यावर सोडून घरी पळतात. अशा वेळी मी फोन केला तर ताई एवढंच म्हणायची, "नळ आले, मंग बोलतो." आमच्याकडे बायकाही 'बोलतो', 'येतो' म्हणतात, माझी पुण्याची जाऊ त्याला अजून हसते. नळाला जोर नसतो म्हणून गल्लीत प्रत्येकाने लाइनवर छोटी मोटर बसवलेली. ती बसवू नये हे सगळ्यांना ठाऊक आणि बसवलेली सगळ्यांनीच. मोटर हवा खेचायला लागली की तापते आणि जळते. त्यामुळे ताई दर थोड्या वेळाने येऊन तिच्यावर तळहात ठेवायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "थंडी हाये. खेचून राह्यली बरोबर." ओल्या फरशीवर, अनवाणी. कूलरला उलटा हात लावायला शिकवणारी ही बाई मोटरीला सरळ हात लावत होती, कारण कूलर झटका देतो हे ठाऊक होतं आणि मोटरीने तो कधी दिला नव्हता. जठारपेठेतल्या कुठल्याही बाईला विचारा, ती असंच करते.

शेवटच्या वर्षात तिने पाइपांचा ध्यास घेतला होता. नळाला सुरुवातीला तांबडं पाणी यायचं, कधी कधी नालीचा वास. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, तिच्यात गाडलेले जुने लोखंडी पाइप किती तग धरणार? भाऊजींची चालढकल ठरलेली. ताईने त्यांचा नाद सोडला आणि गल्लीतल्या बायका गोळा केल्या. एकच प्लंबर बोलवायचा, सगळ्यांनी आपापल्या घरचा पाइप एकदमच बदलायचा. कोणी कुरकुर केली की त्याच्या घरी जाऊन बसायची, चहा प्यायची, पण होकार घेतल्याशिवाय उठायची नाही. जुना पाइप निघाला तेव्हा तिने त्याचा तुकडा ओट्यावर ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. आत गंज इतका चढलेला की जेमतेम करंगळी जाईल. "ह्याच्यातून पानी पेत होतो आपन इतके वर्षं! कसे जगलो बाप्पा?" पांढरे प्लास्टिकचे पाइप बसले. त्या दिवशी तिने गल्लीला पोहे खाऊ घातले आणि मला व्हिडिओ कॉल करून पेलाभर पाणी दाखवलं. "पाह्य सुधे, पाह्य. काचेसारखं." इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली होती.

आणि ती गेली ती त्या पाइपामुळे. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो, पण दुसरं कसं लिहू?

अपघातानंतर वीज तपासायला एक माणूस आला. त्याने मोटर पाहिली, भिंत पाहिली, मग मीटरखालची एक हिरवी तार बोटाने दाखवली. घराची अर्थिंग. घरात कुठे वीज झिरपली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी, यासाठीची तार. भाऊजींच्या वडिलांच्या काळात ती सरळ नळाच्या लोखंडी पाइपाला बांधून टाकायचे. पाइप जमिनीतून गेलेला, वीजही जमिनीत जायची. प्लंबरने पाइप कापला तेव्हा भिंतीत त्याचा वीतभर तुकडा राहिला. तार त्यालाच बांधलेली. तार जागेवर, गाठ जागेवर, पण तो तुकडा आता कशालाच जोडलेला नव्हता. प्लास्टिकमधून वीज जात नाही. मोटर आधीपासूनच झिरपत होती, इतकी वर्षं जुना सडका पाइप ती वीज मुकाट्याने पोटात घेत होता. वंदना नंतर म्हणाली, पाइप बदलल्यापासून ताई एक-दोनदा म्हणाल्या होत्या, मोटर मुंग्या देते म्हणून… मुंग्या! आमच्याकडे मुंग्यांना कोण विचारतं?

तो माणूस गेल्यावर भाऊजी मला मागच्या दारी घेऊन गेले. "सुधा, हे तारेचं कोनाले सांगू नोको. मोटर जुनी होती, एवढंच सांगू." मी विचारलं, काहून? त्यांनी गल्लीकडे हात केला. "सगळ्यायचे पाइप शैलानं बदलवले. लोकं म्हनतीन, सोता गेली अन् आमालेही मराच्या दारात उभं करून गेली. मी तिचं असं नाव आयकू नाई शकत."

मी भांडले. सुतकाच्या घरात, हळू आवाजात, दात ओठ खाऊन भांडले. त्या प्रत्येक घरात तीच तार, तसाच वीतभर तुकडा, आणि नळाच्या दिवशी मोटरीवर हात ठेवणारी एक बाई. ते मान खाली घालून ऐकत, पण होकार देत नसत. मी स्वतः जाऊन सांगावं म्हणून गल्लीच्या तोंडापर्यंत जाई आणि परत येई. बहीण माझी असली तरी बायको त्यांची होती. तिच्या नावाचा पहिला हक्क त्यांचा, एवढं खरं. रात्री डोळा लागला की नळ आल्यासारखं वाटे आणि मी उठून बसे. मला राग येत होता. अजून येतो, कोणावर ते ठरत नाही.

तेरवीच्या दिवशीच नेमके नळ यायचे होते. अंगणात पंगत बसली, सगळी गल्ली जेवायला. भाऊजी जग घेऊन पाणी वाढत होते. बाहेर कोणीतरी ओरडलं, "नळ आले!" पंगतीतल्या बायका चुळबुळल्या. भाऊजींनी जग खाली ठेवला. आयुष्यात चार माणसांत न बोललेला माणूस, पंगतीच्या मधोमध उभा राहिला.

"मोटरी लावू नोका. कोनीच हात लावू नोका. शैला मोटरीनं नाई गेली, अर्थिंग तुटली होती. पाइप बदलला तवा तुटली. तुमच्यायचीही तुटली."

कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालंच, "मंग पाइप बदलवले काहून तिनं?" ज्या प्रश्नाला ते इतके दिवस भीत होते, तो आलाच.

"पाइप सडेल होता. बदलाचाच होता," भाऊजी म्हणाले. "शैलाचं बरोबर होतं. तार दुसरीकडे बांधा लागत होती, ते आमाले कोनालेच नाई समजलं. आता समजलं त बांधा."

तेरवीच्या ताटावरून कोणी उठत नाही. वंदना उठली. उष्ट्या हातानेच घराकडे पळाली, तिची सासू घरी होती, पाणी भरत. आम्ही सगळे दाराकडे बघत राहिलो. ती परत आली, "बंद केली," म्हणाली आणि ताटावर न बसता भिंतीला टेकून रडायला लागली. मग एकेक करून सगळ्या उठल्या. पंगत अर्धी रिकामी झाली आणि मला, खरं सांगते, ताई गेल्यापासून पहिल्यांदा श्वास घेता आला.

आता गल्लीत घरोघरी खड्डा खणून, सळई गाडून, मीठ-कोळसा भरून वेगळी अर्थिंग झाली आहे. अमरावतीला माझ्या घरीही केली. ताईच्या घरचा खड्डा ती भांडी घासायची त्या दगडाशेजारी आहे. जमीन कोरडी पडली तर अर्थिंग नीट काम करत नाही, म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं, आणि उन्हाळ्याच्या या दिवसांत काळी माती पाण्याला नुसती हपापलेली असते. परवा मी अकोल्याला होते. नळाला जोर नव्हता, मोटर बंदच ठेवलेली, कशीबशी एक बादली भरली. भाऊजी ती उचलून मागे निघाले. मी म्हटलं, "भाऊजी, आधी प्यायचं तर भरून घेऊ."

"पयले शैलाले," ते म्हणाले, आणि बादली रिकामी होईपर्यंत खड्ड्यात ओतत राहिले.