परिपत्रकाचं मागचं पान

“ऱ्होडेशियाला पार्सल जाणार नाही, बाई.” मी कापडात शिवलेलं पार्सल परत सरकवलं.

समोर सखूबाई होत्या, मखमलाबादला फुलांचा मळा करणाऱ्या. त्यांचा धाकटा भाऊ आफ्रिकेतल्या त्या देशात शिंपीकाम करायचा. त्याला फिट्स यायच्या. नेहमीच्या गोळ्या तिकडे मिळेनाशा झाल्या, म्हणून बहिणीने नाशकात घेतल्या होत्या.

सत्तरचं दशक होतं आणि मी पोस्टात फॉरेन पार्सलच्या काउंटरवर होतो. ऱ्होडेशियात काळ्यांना दडपणाऱ्या गोऱ्यांच्या सरकारशी व्यवहार बंद, असा जगभर ठराव झाला होता. आपलीही बंदी होती.

“साहेब, गोळ्या हायेत. बंदुका नाय.”

“नियम आहे.” नियम पाठ असल्याचा मला तेव्हा फार तोरा होता.

पंधरा दिवसांत बाई तीनदा आल्या. तिसऱ्या वेळी पोस्टमास्तर बाहेर आले. “परिपत्रक दाखवा.”

मी गार्ड फाइल आणली. वरून आलेले हुकूम आम्ही तिच्यात डिंकाने पक्के चिकटवत असू, कोणी फाडू नये म्हणून. पोस्टमास्तरांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं: मागे पाहावे.

“मागचं पान कुठंय?”

ओल्या फडक्याने कागद सोडवला. मागे दोनच ओळी होत्या. औषधं आणि शाळेचं साहित्य यांना सूट. शिक्षा सरकारला, आजाऱ्याला नाही, एवढाच त्या ओळींचा अर्थ.

मी पार्सल तपासायला उसवलं. गोळ्यांच्या भोवती पापड होते.

“हे काढावे लागतील. सूट फक्त औषधाला.”

“नुसत्या गोळ्या कशा धाडू? भाऊ हाय तो माझा.”

मी सुई-दोरा पुढे सरकवला. त्यांनी पापड काढले आणि तिथेच बसून पार्सल पुन्हा शिवलं.

दोन-तीन महिन्यांनी त्या पत्र घेऊन आल्या. गोळ्या पोचल्या होत्या. पण त्याच्या आठवडाभर आधीच इस्त्री करताना त्याला फिट आली होती. उजवा हात भाजला, बोटं आखडली, शिवणकाम सुटलं.

“जीव वाचला ना, साहेब,” त्या म्हणाल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उशिराचे ते पंधरा दिवस माझे होते.

पुढे मी कागद दोऱ्याने टाचू लागलो. नव्या क्लार्कला सांगायचो, पुढचं पान कोणीही वाचतो, आपल्याला पगार मागच्या पानाचा मिळतो.