मॅच पाचलाच होती

माझ्या झोपेपायी जितू गेला.

आज वर्ष झालं. वर्षभर सगळे मला म्हणतायत, नशीबवान आहेस, थोडक्यात वाचलास. मी मान हलवतो. आज खरं काय ते लिहितो.

जितू समुद्रकाठच्या नवापूरचा, मच्छीमाराच्या घरातला. बोईसरच्या केमिकल कंपनीत आम्ही एकाच रिअ‍ॅक्टरवर, आठ ते आठ. तो दिवसपाळी, मी रात्रपाळी.

दोघांनाही इंग्लंडच्या फुटबॉल लीगचं वेड. त्याचा क्लब लाल, माझा निळा.

"तुमच्या डिफेन्सपरीस आमचं फाटकं जाळं बरं हाय," हे त्याचं रोजचं.

आमचा एक नियम होता. मॅच ड्युटीत आली, तर दुसऱ्याने लवकर येऊन पहिल्याला सोडवायचं. रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, आल्याशिवाय रिअ‍ॅक्टर सोडता येत नाही.

त्या शनिवारी सकाळी मी रात्रपाळी संपवून निघालो होतो. डोळे मिटत होते.

जितू म्हणाला, "साडेचारला ये रं. पाचची मॅच हाय."

"येड्या, हिवाळ्यासाठी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली. म्हणजे इथे मॅच सहाची. साडेपाचला येतो."

"आज नाय रं, उद्या बदलतात."

"बदलली. मी बघितलंय."

मी काहीही बघितलं नव्हतं.

मला फक्त एक तास जास्त झोपायचं होतं.

त्याचा मोबाइल गेटवर जमा. खात्री करणार कशी? त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

पाच वाजून गेल्यावर माझ्या रूमची खिडकी हादरली. आपल्याकडे भूकंपाचे धक्के नेहमीचे, खिडकी हादरली की आधी भूकंपच वाटतो. म्हणून मोबाइल उचलला, तर स्क्रीनवर स्कोअर.

लाल क्लब. नववं मिनिट. गोल.

मॅच सुरू होती.

मग एमआयडीसीच्या बाजूला धूर दिसला. आमचाच रिअ‍ॅक्टर फुटला होता.

ओळख पटवायला मलाच बोलावलं. युनिफॉर्मच्या आत लाल जर्सी होती, सुटल्या सुटल्या टीव्हीपुढे बसायला. तिचा जो तुकडा उरला होता, त्यावरून ओळखला. बाकी लिहिणार नाही.

लाल क्लबच्या ऑनलाइन ग्रुपवर, जिथे मीही चिडवायला असायचो, इंग्लंडचा एक म्हातारा जितूशी रोज भांडायचा. दोन मॅच झाल्यावर त्याने विचारलं, तुमचा नवापूरवाला गप्प का? मी कळवलं.

पुढच्या मॅचला त्याने फोटो पाठवला. स्टेडियममध्ये त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कागद चिकटवलेला: जितू, नवापूर.

त्याने नवापूर कधी नकाशातही पाहिलं नसेल. इथे कंपनीच्या गेटवर जितूच्या नावाची साधी पाटी नाही. नवीन ऑपरेटरला तर तो कोण होता हेही माहीत नाही.

आज सकाळी नवापूरला गेलो. जितूची आई, आमची काकी, ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. मला बघून म्हणाली, "ये बाबा. तू तरी वाचलास."

मग मी सगळं सांगितलं. झोपेचं, घड्याळाचं, खोटं बोलल्याचं.

तिचे हात थांबले. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यानं सांगितलंतं तुला, पाचची हाय म्हणून?"

"हो काकी."

"मंग आयकायचं ना रं त्याचं."

एवढंच. पुन्हा बोंबील निवडायला लागली.

जितू, तुला श्रद्धांजली वाहायला माझे हात धजत नाहीत.

मॅच पाचलाच होती.

तुझंच बरोबर होतं, भावा.