रँडम कुठल्या पार्टीचा?

शहर नियोजनाचं संशोधन शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. प्रबंध कपाटात साचले, आणि प्रबंधात जे बसलं नाही ते डोक्यात साचलं. कराडला चहाच्या टपरीवर चार मित्र जमले की प्रबंधातलं एक वाक्य आठवत नाही, हे मात्र धडाधड आठवतं!

त्यातही जास्त किस्से गौरीचे. ही माझी पुण्याची विद्यार्थिनी. वडूजच्या पुढच्या एका गावाचा आठवडी बाजार पेठेतून उठवून बाहेर नव्या ओट्यांवर न्यायचं ठरलं होतं. ओटे चिठ्ठ्या टाकून वाटायचे. त्यात बाजारातल्या बायांचं काय होईल, हा तिचा विषय.

*

पहिल्या दिवशी सर्वे. दर पाचवं घर घ्यायचं. गौरीनं पाचव्या घराची कडी वाजवली, तर चौथ्या घरातले आबा बाहेर आले.

"आमाला का वगळलं?"

"आबा, हे रँडम असतं. रँडमनं जे घर येईल तेच घ्यायचं."

आबांनी आत हाक मारली, "आगं, ह्यो रँडम कुठल्या पार्टीचा गं?"

शेवटी चौथं, पाचवं, सहावं, तिन्ही घरांचे फॉर्म भरले. आमच्याकडं सॅम्पल काढायचं तर आधी भावकी सांभाळावी लागते!

*

मग नव्या ओट्यांच्या रस्त्यावर वाहनांची मोजणी. फॉर्मवर टू-व्हीलर, कार, ट्रक, बैलगाडी असे रकाने. तेवढ्यात एक धनगर मेंढरं घेऊन आला. गौरीनं 'इतर'मध्ये खूण केली. गड्यानं वाकून कागद बघितला.

"आमी इतर व्हय? आवं ताई, ह्या वाटंनं आमी आधी. तुमच्या गाड्या मागनं आल्या!"

गौरीनं 'मेंढरं' असा नवा रकाना आखला. दुपारी बघतो तर सगळ्यात भरलेला रकाना तोच.

*

बाजारात मेथी विकणाऱ्या हिराबाईंना तिनं विचारलं, "कुटुंबातला कर्ता कोण?"

"म्हंजी राबतो त्यो, का नुसतं 'करतो करतो' म्हंतो त्यो?"

फॉर्म मीच केला होता. तो रकाना मी त्याच रात्री खोडला.

*

हिराबाईंच्या शेजारी सुगंधाबाई वांगी घेऊन बसायच्या. त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. त्यांची वांगी तोलून द्यायच्या हिराबाई. चिठ्ठीत दोघी लांब गेल्या तर सुगंधाबाईंचा धंदा त्याच दिवशी बसला असता.

गौरीनं पुढचा प्रश्न वाचला. "सावली, पाणी, दिवे, संडास. नव्या बाजारात आधी काय हवं?"

"सावली नको, पाणी नको. सुगंधा शेजारी पायजे. तेवढं लिव."

"मावशी, असा पर्याय नाही यात."

"मग तुझा कागूद आंधळा हाय."

परतताना एसटीत पोरगी रडली. मलाही लय लागलं ते. मग तिनं अहवालात शेजारावर अख्खं प्रकरण लिहिलं. बाजार हलवायचं काम ज्यांच्याकडं होतं, त्या सरकारी साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "छान आहे मॅडम. पण शेजार ही काही सुविधा नाही."

*

चिठ्ठ्या निघाल्या. हिराबाईंना चार नंबर, सुगंधाबाईंना सत्तेचाळीस!

नव्या जागेवरच्या पहिल्या बाजाराला आम्ही दोघं मनात धाकधूक घेऊनच गेलो. बघतो तर सगळ्या बाया पेठेत बसायच्या त्याच क्रमानं ओट्यांवर बसलेल्या. सुगंधाबाईंची वांगी हिराबाईंच्या तागडीत. साहेब या ओट्यावरून त्या ओट्यावर घामाघूम.

"अहो बाई, तुमचा चार नंबर तिकडं! चिठ्ठीवर लिहिलंय की!"

"लिवलं आसंल सायेब. आमाला वाचाय कुठं येतंय!"

साहेबांनी दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. उत्तर तेच. शेवटी ते कपाळाला हात लावून जीपमध्ये बसले आणि गेले.

जीप वळणाआड गेल्यावर हिराबाईंनी कमरेचा चष्मा काढून नाकावर चढवला, मेथीखालचा पेपर ओढला आणि म्हणाल्या, "हां, ऐक गं सुगंधा. पयल्या पानावर काय म्हंत्यात..."