भोंगाकाकांची हरवलेली वाचा

गल्लीत सगळे त्यांना भोंगाकाका म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचा अभिमानच होता. धंदा प्लंबरचा. कुणाच्या मोरीत वाकून नळ बसवत असले, तरी त्यांच्या गप्पा रस्त्यावर ऐकू यायच्या. रविवारी चर्चच्या गायनमंडळात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा आणि सुराच्या जरा बाजूला. बायको घरी शिवणकाम करायची. "ह्यांच्यापुढे मला एक वाक्य पुरं करायला मिळेल तर शपथ," असं ती हसत सांगायची.

एका सकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात सिंकखाली पडून काम करताना त्यांनी घरमालकिणीकडे टॉर्च मागितली. म्हणजे मागायला गेले. तोंडातून शब्दांचा नुसता काला निघाला. उजवा हातही उचलेना. अर्धांगाचा झटका होता. हॉस्पिटलातून जीव वाचवून घरी आले, वाचा मात्र परत आली नाही.

'हो' म्हणायला जावं तर 'नाही' निघे. बायको चहा पुढे करी, तर 'नाही, नाही' म्हणत कप ओढून घेत. चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले, की हे भिंतीकडे तोंड करत. देवाशीही अबोला धरल्यासारखं. एक दिवस हवा तो शब्द काही केल्या सापडेना, तेव्हा त्यांनी हातातला कप भिरकावला.

बायकोनं मुकाट्यानं तुकडे उचलले आणि ती मशीनवर जाऊन बसली. जीव कासावीस झाला की ती गुणगुणायची. त्या दुपारी उपासनेतलं एक जुनं गीत ओठांवर आलं, पण दुसऱ्या कडव्याचे शब्दच आठवेनात. ती अडखळली. आणि मागून, पलंगावरून, ते कडवं आलं. सगळं, शब्दन् शब्द, नेहमीसारखंच बेसूर.

तिचा पाय मशीनवर थबकला. "काय म्हणालात?"

त्यांनी सांगायला तोंड उघडलं, तर पुन्हा शब्दांचा काला.

"बरं, बोलू नका. गा."

ते गायले. मग तिनं प्रभूची प्रार्थना सुरू केली, तर तीही दोघांनी मिळून शेवटपर्यंत म्हटली, कुठेही न अडता. दोघं रडली, आणि मग ते हसायला लागले, आजारानंतर पहिल्यांदाच.

डॉक्टरांनी समजावलं, "गाण्याचे, पाठांतराचे शब्द मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात. पुढचं दार बंद पडलंय, मागचं उघडं आहे. सध्या तिथूनच ये-जा करा."

"मागचं दार कुणी उघडं ठेवलं, ते ठाऊक आहे मला," बायको म्हणाली.

त्यानंतर घरात सगळं चालीवर चालू झालं. पाणी हवं तर चालीवर, चष्मा हवा तर चालीवर. भूक लागली की काका प्रार्थना सुरू करत, 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' या ओळीपाशी थांबत आणि स्वयंपाकघराकडे बघत.

"थांबलात का?" एकदा ती म्हणाली. "पुढची ओळ क्षमेची आहे. आणि तो कप माझ्या आवडीचा होता."

त्यांनी तिच्याकडे बघत ती ओळ सावकाश म्हटली. मग तिनं ताट वाढलं.

सगळेच दिवस असे नव्हते. काही सकाळी एकही शब्द वळत नसे, आणि ते डोळे मिटून पडून राहत. अशा दिवशी ती त्यांना काही विचारत नसे. दोघं नुसती प्रार्थना म्हणत. "आज देवाशी बोललात ना? माझ्याशी उद्या बोला," ती म्हणे. हळूहळू उद्याचे शब्द येऊ लागले, लंगडत का होईना.

आता ते डाव्या हातानं नळ बसवतात, वेळ लागतो. आणि दर बुधवारी हॉस्पिटलात जातात, वाचा गेलेल्यांना भेटायला. मागच्या बुधवारी तिथे एक किराणा दुकानदार होता. काकांनी गीत गाऊन बघितलं, तो गप्पच. त्याची बायको ओशाळून म्हणाली, "ह्यांनी जन्मात कधी गाणं म्हटलं नाही. ना कधी देवळात गेले, ना कुठल्या चर्चमध्ये."

काकांनी जरा विचार केला.

"बे... एके... बे," ते म्हणाले.

"बे दुणे चार," दुकानदार खडखडीत आवाजात म्हणाला. "बे त्रिक सहा."

नर्स धावत आली, तेव्हा दोघं पाचाच्या पाढ्यावर पोचले होते.